डब्याची पाळी

डालड्याचा रिकामा डबा. झाकण नाही, बुडाला पोचा. बाजूवर निळ्या रंगात एका संस्थेचं नाव.

चुलीचं चित्र. चुलीला नळी, नळी छपरातून बाहेर. चुलीपुढची बाई हसते आहे. असल्या चित्रांतल्या बाया कायम हसतात.

एस.टी.चा कंडक्टर दारातून अर्धा बाहेर. ओरडतो, दोनदा घंटी मारतो, जातो.

म्हशीची जीभ, काळी पडलेली.

धानाच्या बांधीत तलावाचं पाणी सोडायची पाळी. आधी वरची बांधी, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. शेपटाला ज्याची बांधी, त्याने वाट पाहायची. ज्याची बांधीच नाही त्याने काय करायचं, हे पाळीत सांगितलेलं नाही.

एक शब्द. धरणाच्या कोनशिलेवर असतो, संस्थेच्या अहवालात असतो, कारखान्याच्या फाटकावर असतो. तिन्हीकडे एकच. हरामखोर शब्द.

*

पोंभुर्ण्याच्या अलीकडे पिपरबोडी. गावाच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा कारखाना. कारखाना जंगलातून बांबू घेतो, नाल्यातून पाणी घेतो. बांबू परत देत नाही. पाणी देतो. घेतो तेव्हा ते पाणी असतं. देतो तेव्हा काढ्यासारखं काळं, वर फेस, आणि वास असा की भात घशाखाली उतरत नाही.

कधी सोडतील याचा नेम नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि वरून कोणी साहेब तपासायला येणार असला की मुळीच नाही. साहेब नाल्यात हात बुडवतो, पुसतो, चहा पिऊन जातो. साहेब गेला की काळं पाणी येतं.

डब्याची युक्ती देवकाबाईची. देवकाबाई ढिवरांची, जन्म पाण्यात गेलेला. डोहात जाळं लावलं की ढिवर दुसऱ्या टोकाला डबा बडवतात. मासे आवाजाला भिऊन जाळ्याकडे पळतात. देवकाबाई म्हणाली, मासे पळते तं मानसं काऊन नाई पळनार? तेव्हापासून कारखान्याखालच्या रपट्यावर, नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, एक बाई उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बसायची. काळं पाणी दिसलं की डबा. तो ऐकून पिपरबोडीतल्या बाईचा डबा. तो ऐकून खालच्या चिखलटोल्यात डबा. माणसं नाल्याबाहेर, गुरं नाल्याबाहेर, भांडी नाल्याबाहेर. मासे हाकायचा डबा माणसं हाकायला आला.

याला त्या बाया पाणी संघ म्हणत. त्यात ढिवरांच्या होत्या, बौद्ध मोहल्ल्यातल्या होत्या. पैसा नव्हता. कोणी कोणाला विचारत नव्हतं की तू काय मिळवतेस. जिला सवड ती बसे.

मग भोपाळ झालं.

भोपाळनंतर शहरांत सगळ्यांना विषाची गोडी लागली. जिथे विष तिथे पैसा. नागपूरच्या एका संस्थेला जर्मनीहून पैसा आला आणि तो पिपरबोडीच्या रपट्यापर्यंत पोचला. पाच बायांना मानधन. गावात एक खोली, तिच्यात टाइपरायटर. बौद्ध मोहल्ल्यातल्या गुलाब देवगडेची मुलगी प्रेमिला मॅट्रिक झालेली होती, तिला पगार, सायकल, आणि नाल्याचं पाणी सलाइनच्या बाटल्यांत भरून नागपूरला तपासायला न्यायचं काम. गुलाब पोंभुर्ण्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने पाचही डब्यांवर निळ्या रंगात संस्थेचं नाव काढलं. अक्षर फार देखणं.

आणि बाकीच्यांनी रपट्याकडे पाहणं सोडलं. ज्याचा पगार त्याचं काम. आधी डबा रागाने वाजायचा, आता पगाराने वाजू लागला. आवाज तोच होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

*

चंद्रपूरचा बसस्टँड. सत्त्याऐंशीचा एप्रिल. संस्थेचे सचिव वामनराव घाईत होते. जर्मनीचं पत्र आलं होतं, पिपरबोडीला जायला जीप नव्हती, आणि प्रेमिला बाटल्या घेऊन नागपुरात प्रयोगशाळेच्या बाकावर बसली होती. म्हणजे वामनरावांच्याच ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर. पण हे वामनरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पोंभुर्णा गाडीच्या कंडक्टरला, बाबुलालला, गाठलं.

"पिपरबोडीत निरोप द्या. प्रकल्प बंद झाला. बायकांनी उद्यापासून रपट्यावर बसायची गरज नाही."

बाबुलाल ड्रायव्हरला: "सुना क्या? प्रकल्प बंद झाला."

पहिल्या थांब्यावर: "प्रकल्प बंद झाला म्हन्ते."

दुसऱ्या थांब्यावर, एका प्रवाशाने, कोणी न विचारता, फुकट: "बायांनी बंद पाडला. ढिवरनीनं."

पिपरबोडीच्या थांब्यावर बाबुलाल, दारातून अर्धा बाहेर: "ओ देवकाबाई! प्रकल्प बंद झाला! उद्यापासून बसू नका!"

घंटी. घंटी. गाडी गेली.

कारखान्याच्या फाटकावर काय लिहिलं आहे? अमुक तमुक पुठ्ठा प्रकल्प. जमीन घ्यायला साहेब आला तेव्हा काय म्हणाला? इथे प्रकल्प येणार. मोर्चात बाया काय ओरडायच्या? प्रकल्प बंद करा. मग बंद झाला म्हटल्यावर त्यांनी काय समजायचं होतं? नागपूरच्या कपाटातली फाईल?

वर पाहिलं तर चिमणीला धूर नव्हता.

धूर नव्हता कारण त्या दिवशी बॉयलर आणि टाक्या धुवायला काढल्या होत्या. धुतलेलं सगळं दुसऱ्या दिवशी नाल्यात सोडायचं होतं. हे कारखान्यात शिपायालाही माहीत होतं. गावात कोणाला नव्हतं.

पाणी संघातल्या नीलाबाईने घरातला गूळ फोडून वाटला. अंजनाबाई थांब्यावर फुगडी खेळली, साठी उलटलेली बाई. देवकाबाईने आपला डबा पाण्याने धुतला, उन्हात पालथा घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन खालच्या डोहावर मासे हाकायला गेली. दोन उन्हाळ्यांत त्या डोहात तिने जाळं टाकलं नव्हतं. मरळ सापडेल म्हणून नव्हे. डोह आपला आहे हे बघायला.

तिची जाऊ गिरजाबाई, दोन म्हशी घेऊन, रपट्याखालच्या वळणावर नाल्यात उतरली. म्हशी बसल्या. गिरजाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून त्यांच्या पाठी घासू लागली.

रपट्यावर कोणी नव्हतं.

खालच्या डोहात देवकाबाई डबा बडवत होती, मासे हाकत होती, हसत होती.

*

म्हशी तिथेच गेल्या. एक पाण्यात, एक काठावर, जीभ बाहेर.

गिरजाबाईच्या पायांची कातडी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सोललेल्या कांद्यासारखी सुटली. पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात मलम मिळालं. घरी आणल्यावर ती एवढंच विचारत राहिली:

"डबा तं वाजत होता ना? मी आयकला. दूर वाजत होता. मंग काळं पानी इकडून कसं आलं?"

देवकाबाई तिथून उठून गेली. कुऱ्हाड घेऊन कारखान्याकडे निघाली होती, चौघींनी धरली. "सोडा!" ती ओरडत होती. "सोडा मले, रांडेहो! तुमी सगळ्या सोडून बसल्या, आता मले काय धरता?"

*

प्रेमिला संध्याकाळच्या गाडीने उतरली. पिशवीत बाटल्या भरलेल्याच होत्या. प्रयोगशाळेने फी भरल्याशिवाय घेतल्या नव्हत्या.

थांब्यावर नीलाबाई. "ये वं साहेबीन. प्रकल्प बंद झाला अन् तू नागपुरात फिरून राह्यली."

"कोनता प्रकल्प?" प्रेमिला म्हणाली.

गावात हा प्रश्न तोवर एकानेही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबुलालची गाडी आली तेव्हा रस्त्यावर बाया आडव्या उभ्या होत्या. त्याला कॉलर धरून खाली ओढला.

"मले जे सांगतलं तेच मी सांगतलं, बाई! निरोपाचे मी पैसे बी घेत नाई."

"फुकट निरोप देते अन् फुकट म्हशी मारते," अंजनाबाई म्हणाली. "मोठा दानशूर लागून गेला."

"मी तिकीट फाडनारा मानूस! मले काय मालूम, प्रकल्प किती आहेत?"

देवकाबाईने त्याची कॉलर सोडली. "जा," ती म्हणाली. "आमाले तरी कुठी मालूम होतं."

*

वामनराव आठवड्याने आले. तेव्हा जीप मिळाली, कारण सामान न्यायचं होतं. सोबतच्या माणसाने टाइपरायटर जीपमध्ये ठेवला, टेबल ठेवलं, सायकल टपावर बांधली. देवकाबाई, नीलाबाई, अंजनाबाई खोलीपुढे उभ्या. प्रेमिला दारात.

"झालं ते फार वाईट झालं," वामनराव म्हणाले. "पण मी 'आपला प्रकल्प' अशाच अर्थाने बोललो होतो."

"आपला म्हनजे कोनाचा?" देवकाबाईने विचारलं.

"म्हणजे आपलाच. संस्थेचा, तुमचा."

"आमचा नाला होता. आमच्या म्हशी होत्या. प्रकल्प आमचा कदी होता?"

"बाई, जर्मनीच्या मंडळींनी विषय बदलला. पाण्याचं पुष्कळ झालं म्हणतात, आता धुराचं करा. बिनधुराची चूल. बायकांच्या डोळ्यांना चुलीचा फार त्रास होतो." त्यांनी कागद उघडून दाखवला. नळीची चूल, हसणारी बाई.

"अन् हे पाय?" नीलाबाई म्हणाली. "गिरजीचे पाय आनू का बाजीवर टाकून? फोटो काढून धाडा जर्मनीले. म्हना, हिच्या डोयाले काई नाई झालं, डोये चांगले आहेत."

वामनरावांनी कागदाची घडी घातली. दमलेला माणूस होता. "भोपाळला अडीच वर्षं होत आली. लोक विसरतात. पैसे देणारे आधी विसरतात. माझाही पगार बंद झालाय, कुणाला सांगू?" मग प्रेमिलाकडे वळून: "तुमच्यासाठी मी बोललो आहे. चुलीच्या प्रकल्पात जागा आहे. भामरागडकडे."

"भामरागड!" अंजनाबाई हसली. "पावसाळ्यात रस्ता बंद असते तिथचा. तिथून डबा आयकू येईन का आमाले, प्रेमिला?"

प्रेमिला वामनरावांसोबतच्या माणसाकडे पाहत होती. तो खोलीच्या कोपऱ्यातून डबे काढत होता. एकात एक घालून.

"डबे कुठी नेता?"

"यादीत आहेत," तो म्हणाला. "नाव आहे ना संस्थेचं. पाच नग."

वामनराव म्हणाले, "राहू दे रे." पण हळू म्हणाले. यादी होती, आणि यादीवर सही करणारे तेच होते.

"थांबा," देवकाबाई म्हणाली. "देते ना. तुमचा डबा तुमाले देते."

तिने वरचा डबा उचलला, उंबऱ्याजवळची काठी घेतली, आणि जीपच्या दारापाशी जाऊन वामनरावांच्या कानाजवळ डबा बडवायला सुरुवात केली. कपाळाची शीर ताठ. वामनराव मागे सरले, ती पुढे सरली. ते जीपमध्ये बसले, ती काचेशी. काठी मोडली, तिने दगड घेतला.

नीलाबाईनेही दुसरा डबा उचलला. मग अंजनाबाईने.

आणि खाली चिखलटोल्यात, गावाने तो आवाज ऐकला आणि जे करायचं तेच केलं. माणसं नाल्यातून बाहेर पळाली. गुरं हाकली. तिथल्या बाईने हाताला लागला तो डबा बडवला. मग पुरुष काठ्या घेऊन वर धावत आले, त्यांच्या पुढे चिखलटोल्याचा इस्तारी, धोतर भिजलेलं, श्वास नाही.

"कुठी आहे? काळं पानी कुठी आहे?"

देवकाबाईने दगड खाली टाकला आणि वामनरावांकडे बोट केलं. "हे पाहा. पांढऱ्या कपड्यात आलं."

कोणी हसलं. इस्तारी हसला नाही. "बाई, माह्या घरच्यांनी भरल्या हंड्या रस्त्यात आपटल्या. खेळ आहे का हा?"

"खेळ?" देवकाबाई त्याच्या अंगावर गेली. "माही जाऊ खाटेवर पडली तेव्हा आला होता का धावत? आज आला तं खेळ म्हन्ते! दोन वर्षं या बाया रपट्यावर बसल्या, तुह्या गावातला कोनता बाप्या बसला? सांग! पगार बाईले, मंग मरन बी बाईलेच?"

इस्तारीने काठी टेकली. मागे सगळा चिखलटोला उभा होता, धापा टाकत. पिपरबोडीही बाहेर आली होती. मोर्चालाही एवढी माणसं कधी जमली नव्हती.

*

बोलणं तिथेच झालं, जीपभोवती, भर उन्हात.

इस्तारी म्हणाला, "मंग काय करायचं ते सांग. पैसे तं कोनी देनार नाई."

"तलावाच्या पान्याची पाळी कोन चुकवते?" देवकाबाई म्हणाली. "कोनी नाई. अर्ध्या रात्री उठून जाते मानूस. तशीच डब्याची पाळी. घरामागं एक मानूस, एक दिवस. बाई असो का बाप्या असो."

"घ्या!" नीलाबाई म्हणाली. "आता बाप्यायले बी पाळी येनार!"

बाया फिस्सकन हसल्या. बाप्ये जमिनीकडे पाहू लागले.

"ठरलं," इस्तारी म्हणाला. "तलावाची जशी आहे तशीच लावू. वरून खाली."

"तलावाची?"

ही प्रेमिला. इतका वेळ दारात उभी होती. ती पायरी उतरली.

"तलावाची पाळी म्हन्ता? त्या पाळीत आमच्या मोहल्ल्याचं एक तरी घर आहे का?"

इस्तारी काठीने माती उकरू लागला.

"माह्या आज्यापासून आमी त्या तलावाची माती उपसली. पानी कदी आलं का आमच्याकडे? बोला ना, देवकाबाई. तुमची बांधी वरून तिसरी. आलं का?"

"आमाले बांधी आहे, तुमाले नाई, म्हनून..."

"काऊन नाई ते विचारा मंग!" तिचा आवाज फाटला. "वामनरावले विचारता, आपला म्हनजे कोनाचा. मी तुमाले विचारते. आपली पाळी म्हनजे कोनाची? नाल्यात मराची वेळ आली की आमी तुमच्यात, अन् पानी वाटाची वेळ आली की तुमी तलावावर अन् आमी घरी! त्या पाळीचं नाव काढलं तं आमच्या मोहल्ल्यातलं कोनी रपट्यावर येनार नाई. मी बी नाई. मी जाते भामरागडले, चुली बांधते."

अंजनाबाई तिच्याच मोहल्ल्यातली. ती सरकून प्रेमिलाच्या बाजूला उभी राहिली. मोहल्ल्यातली आणखी दोघं-तिघं तिच्या मागे गेली. जीपभोवतीच्या गर्दीत एक फट पडली, आणि त्या फटीतून ड्रायव्हरने जीप मागे घेतली. डबे खालीच राहिले. जीप गेली त्याकडे कोणी पाहिलंही नाही.

देवकाबाई प्रेमिलाकडे पाहत राहिली. राग उतरला नव्हता; फक्त कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

"नाई आलं पानी," ती शेवटी म्हणाली. "तुह्या आज्याले बी नाई. तुह्या बापाले बी नाई."

"मंग?"

"मंग शेपटापासून लाव. तुह्या घरापासून वर. शेवटी आमची घरं, वरची. अन् ज्या दिवशी वरचं घर चुकवन, त्या दिवशी त्याच्या बांधीचं तलावाचं पानी बंद. आहे का मंजूर, इस्तारी?"

इस्तारीची स्वतःची बांधी वरून पहिली होती. तो थुंकला. "पानी बंद म्हनजे..."

"बंद म्हनजे बंद," देवकाबाई म्हणाली. "हा शब्द आता आमाले समजते."

इस्तारीने मागे पाहिलं. मागची माणसं त्याच्याकडे पाहत नव्हती, ती नाल्याकडे पाहत होती. "लावा," तो म्हणाला.

प्रेमिलाने हो म्हटलं नाही. भामरागडला नाही असंही म्हटलं नाही. ती वाकली, डबे उचलले, आणि घराकडे निघाली. वाटेत थांबून मागे न वळता म्हणाली, "अन् तो शब्द संघात कोनी काढाचा नाई. जो काढन त्याले एक पाळी जास्त."

"कोनता शब्द?" नीलाबाईने विचारलं.

"सांगू का? मंग तुलेच बसा लागन."

*

वरची घरं लगेच सुधारली नाहीत. पहिल्याच फेरीत एकाने आजारी असल्याचं सोंग केलं, आणि रोवणीच्या दिवसांत देवकाबाई स्वतः त्याच्या बांधीच्या तोंडावर मातीची भिंत घालून तिच्यावर बसली. शिव्या खाल्ल्या, दिल्या. चिखलटोल्यातल्या दोन घरांनी पाळी घेतलीच नाही. प्रयोगशाळेची फी कधीच भरली गेली नाही. बाटल्या प्रेमिलाच्या घरी ओळीने उभ्या राहिल्या, तळाशी काळा गाळ बसत गेला. कारखाना चालूच होता. गिरजाबाईला नव्या म्हशी कोणी दिल्या नाहीत.

पण रपट्यावर माणूस होता. त्या जीपच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज.

पहिला दिवस शेपटाच्या घराचा, म्हणून गुलाब देवगडेचा. रात्रीच त्याने पत्र्याच्या तुकड्याने डब्यावरचं नाव खरवडायला घेतलं होतं. रंग चांगला लावलेला, दोन अक्षरांपुढे निघेना. उजाडताना तो पळसाखाली जाऊन बसला. समोर कारखान्याचं फाटक, वर पाटी. दिवस चढल्यावर नाल्याच्या तोंडाशी फेस दिसला.

गुलाबने डबा बडवला. वाकडातिकडा, घाबरट, सवय नसलेला. पण गावात पोचला. गावातून खाली गेला.

खाटेवर पडलेल्या गिरजाबाईने तो ऐकला आणि मलम लावलेले पाय जवळ ओढून घेतले. नाला तिच्या घरापासून खूप दूर होता.

कारखान्याच्या फाटकावरची पाटी गुलाबने रंगवली होती, एकोणऐंशी साली. 'प्रकल्प'मधला 'ल्प' नीट बसेना म्हणून त्याने तो दोनदा पुसून पुन्हा काढला होता.